अणुभट्टीच्या व्हॉल्व्हची चाचणी पुढे ढकलायला ‘सूट’ मिळते, म्हणजे नेमकं काय होतं?

‘अणुऊर्जा प्रकल्पाला सेफ्टी व्हॉल्व्हच्या गळती चाचणीतून सूट.’ असं एक वाक्य मोबाइलवर दिसलं, तर पहिली प्रतिक्रिया काय येईल? बहुतेकांना धक्का बसेल. अणुभट्टीसारख्या ठिकाणी सुरक्षेची चाचणी करायची नाही, आणि तेही नियामकाच्या परवानगीनं?

पण अशी सूट जगभर दिली जाते. काही वेळा ती देणं योग्यच असतं. काही वेळा तीच पुढच्या संकटाची पहिली पायरी ठरते. दोन्हींतला फरक कसा ओळखायचा, ते या लेखात समजून घेऊ.

आपट्याच्या बॉयलरपासून तारापूरच्या अणुभट्टीपर्यंत

पनवेल तालुक्यातल्या आपटा परिसरात राहणाऱ्यांना बॉयलर हा शब्द नवा नाही. शेजारीच पाताळगंगेच्या काठानं रसायनी-पाताळगंगा औद्योगिक पट्टा आहे. रासायनिक कारखाना म्हटला की वाफ आली, वाफ म्हटली की बॉयलर आला आणि बॉयलर म्हटला की त्यावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आला. आत दाब वाढला की हा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो, वाफ बाहेर सोडतो आणि दाब उतरला की पुन्हा बंद होतो. त्यानं काम केलं नाही तर बॉयलर फुटू शकतो. म्हणूनच बॉयलरची ठरावीक काळानं तपासणी करणं भारतात १९२३ च्या कायद्यापासून सक्तीचं आहे. २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवा बॉयलर कायदा आला, पण तपासणी आणि प्रमाणपत्राची चौकट तीच राहिली.

आपट्याहून सरळ रेषेत साधारण १२० किलोमीटरवर, पालघर जिल्ह्यात, तारापूर अणुऊर्जा केंद्र आहे. तिथेही शेवटी पाणी तापवून वाफच तयार केली जाते आणि त्या वाफेवर टर्बाइन फिरतं. फरक एवढाच की खाली जळणारा कोळसा नसतो, तर युरेनियमचं इंधन असतं. त्यामुळे इथे व्हॉल्व्हनं दगा दिला तर वाफेसोबत किरणोत्सारी पदार्थही बाहेर पडण्याची भीती असते.

तारापूरची पहिली दोन युनिट्स २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यावसायिक वापरासाठी सुरू झाली. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीची ही ‘बॉइलिंग वॉटर’ प्रकारची यंत्रणा आहे. म्हणजे अणुभट्टीतच पाणी उकळतं आणि तीच वाफ थेट टर्बाइनकडे जाते. प्रत्येक युनिटची मूळ क्षमता २१० मेगावॉट होती, ती पुढे १६० मेगावॉटवर आणली गेली. शेजारची तिसरी आणि चौथी युनिट्स भारतीय बनावटीची, जड पाण्यावर चालणारी, प्रत्येकी ५४० मेगावॉटची आहेत. ती २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाली.

व्हॉल्व्ह दोन प्रकारचे, चाचण्याही दोन प्रकारच्या

बातम्यांमध्ये सरसकट ‘सेफ्टी व्हॉल्व्ह’ लिहिलं जातं. पण त्यामागे दोन वेगळी कामं असतात. घरातला कुकर आठवा. त्याच्या झाकणावर दाब वाढला की उडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो आणि झाकणाच्या कडेला रबरी रिंग असते. व्हॉल्व्हचं काम वेळेवर उघडणं, रिंगचं काम घट्ट बंद राहणं.

अणुभट्टीतही तसंच आहे.

पहिला प्रकार म्हणजे दाब सोडणारे व्हॉल्व्ह. यांची चाचणी करताना मुख्य प्रश्न असतो, ठरलेल्या दाबाला हा उघडतो का आणि नंतर नीट बसतो का? व्हॉल्व्हची चकती आणि तिची बैठक वर्षानुवर्षं गरम वाफेत राहून एकमेकींना चिकटू शकतात. मग तो ठरलेल्या दाबापेक्षा उशिरा उघडतो. किंवा उलट, बैठक झिजून तो बंद असतानाही थोडा थोडा गळत राहतो.

दुसरा प्रकार म्हणजे आयसोलेशन व्हॉल्व्ह. अणुभट्टीभोवती पोलाद आणि काँक्रीटचं एक बंदिस्त कवच असतं, त्याला कंटेनमेंट म्हणतात. पण वाफ, पाणी, हवा यांचे पाइप या कवचातून आरपार जातात. अपघात झाला तर ते पाइप काही सेकंदांत बंद करायचे असतात. ते काम हे व्हॉल्व्ह करतात. यांच्या चाचणीत प्रश्न असतो, बंद झाल्यावर यातून किती हवा निसटते?

शून्य गळती कुठल्याच व्हॉल्व्हमध्ये नसते. म्हणून ‘इतकी चालेल, याहून जास्त नाही’ अशी मर्यादा आधीच ठरवलेली असते. ती मर्यादा, चाचणीची पद्धत आणि दोन चाचण्यांमधलं अंतर हे सगळं प्रकल्पाच्या परवान्याचा भाग असतं.

मग सूट मागायची वेळ का येते?

यामागे साधारण चार कारणं असतात.

पहिलं कारण वेळापत्रकाचं. बऱ्याच चाचण्या अणुभट्टी बंद असतानाच करता येतात. तारापूरच्या पहिल्या दोन युनिट्समध्ये इंधन बदलण्यासाठी अणुभट्टी थांबवून तिचं झाकण उघडावंच लागतं, तेव्हा या चाचण्या उरकता येतात. तिसऱ्या-चौथ्या युनिटमध्ये मात्र अणुभट्टी चालू असताना इंधन बदलतात. त्यामुळे तिथे देखभालीसाठी ठरवून, साधारण दोन वर्षांनी, बंद घ्यावा लागतो. आता समजा चाचणीची मुदत मार्चमध्ये संपते आणि बंद मे महिन्यात ठरलाय. दोन महिन्यांसाठी सगळं थांबवायचं की मुदत वाढवून मागायची?

दुसरं कारण कामगारांचं. व्हॉल्व्हपाशी जाऊन काम करणाऱ्याला किरणोत्साराचा डोस मिळतो. भारतात अशा कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा आहे. चाचणीतून फारसं नवं काही कळणार नसेल, तर त्यासाठी माणसांना तो डोस का द्यायचा, हा प्रश्न रास्त आहे.

तिसरं कारण पूर्वेतिहासाचं. एखादा व्हॉल्व्ह दहा चाचण्यांमध्ये दहाही वेळा उत्तम निघाला, तर त्याला दरवेळी त्याच घाईनं तपासायची गरज आहे का?

चौथं कारण सगळ्यात रंजक आहे. कधी कधी नियमात लिहिलेली चाचणीच त्या व्हॉल्व्हला लागू पडत नाही.

नियम शब्दशः पाळला तर उत्तर चुकतं, ते कसं?

हे समजण्यासाठी थोडं अमेरिकेत जाऊ. कारण तारापूरच्या पहिल्या दोन युनिट्सचं मूळ तंत्रज्ञान तिथलं आहे आणि तिथल्या सवलतींचे आदेश राजपत्रात छापले जातात, त्यामुळे ते कुणालाही वाचता येतात.

बॉइलिंग वॉटर अणुभट्टीतून टर्बाइनकडे जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या वाफेच्या पाइपवर दोन आयसोलेशन व्हॉल्व्ह असतात. एक कवचाच्या आत, एक बाहेर. दोन्हींची रचना अशी की अणुभट्टीकडून येणारा दाब त्यांना आणखी घट्ट बसवतो. वारा ज्या दिशेनं येतो त्या दिशेनंच दार लागावं, तसं.

चाचणी करताना या दोन व्हॉल्व्हच्या मधल्या पाइपमध्ये हवा भरतात आणि ती किती वेगानं कमी होते ते मोजतात. बाहेरच्या व्हॉल्व्हवर हा दाब योग्य दिशेनं पडतो. पण आतल्या व्हॉल्व्हवर तो उलट्या बाजूनं पडतो आणि चकतीला बैठकीवरून उचलायला बघतो. अमेरिकी नियम सांगत होता की चाचणी अपघातातल्या कमाल दाबाला करा. तेवढा दाब दिला तर चांगला व्हॉल्व्हही गळका दिसेल, आणि खऱ्या अपघातात तर दाब उलट दिशेनं असणार.

म्हणून अनेक प्रकल्पांना या एका चाचणीपुरती सूट देण्यात आली. पूर्ण दाबाऐवजी कमी दाबाला, साधारण २५ पौंड प्रति चौरस इंचाला, चाचणी करा आणि त्या कमी दाबाला साजेशी कडक मर्यादा पाळा. अनेक परवान्यांमध्ये ही मर्यादा प्रत्येक व्हॉल्व्हला तासाला साडेअकरा घनफूट, म्हणजे सुमारे सव्वातीनशे लिटर हवा अशी होती.

बातमीचा मथळा करायचा तर ‘प्रमुख व्हॉल्व्हला पूर्ण दाबाच्या चाचणीतून सूट’ असा होईल. तो खोटाही नसेल. पण या सुटीनं चाचणी जास्त खरी झाली.

मुदत वाढत कशी गेली?

अमेरिकेत कवचाच्या गळतीसाठी तीन पातळ्यांवर चाचण्या असतात. एक संपूर्ण इमारतीची, म्हणजे आत हवा भरून ती किती टिकते हे बघायचं. दुसरी कवचातल्या दारांची आणि केबल-पाइप जातात त्या भोकांची. तिसरी एकेका आयसोलेशन व्हॉल्व्हची.

जुन्या नियमानुसार पूर्ण इमारतीची चाचणी दहा वर्षांत तीनदा आणि व्हॉल्व्हची चाचणी जास्तीत जास्त दोन वर्षांनी करावी लागे. पुढे इंधनाची एक फेरी लांबून दोन वर्षांपर्यंत गेली, तसे मुदतवाढीचे अर्ज वाढले. १९९५ मध्ये तिथल्या नियामकानं नियमातच दुसरा पर्याय आणला. ज्याचा पूर्वेतिहास चांगला, त्याला जास्त अंतर. इमारतीची चाचणी दहा आणि नंतर पंधरा वर्षांपर्यंत, चांगल्या व्हॉल्व्हची चाचणी ६० आणि नंतर ७५ महिन्यांपर्यंत लांबवता येऊ लागली. एखादा व्हॉल्व्ह नापास झाला, तर मात्र त्याला पुन्हा कमी अंतरावर यावं लागतं.

दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा नियम वेगळा आहे. अमेरिकी यंत्र अभियंत्यांच्या संहितेनुसार मुख्य यंत्रणेवरचे सगळे व्हॉल्व्ह पाच वर्षांत एकदा तपासून व्हायला हवेत आणि दर २४ महिन्यांत त्यातले किमान २० टक्के. एखादा ठरलेल्या दाबापेक्षा मर्यादेबाहेर भरकटलेला निघाला, तर त्याच्यामागे आणखी दोन तपासायचे. भाजीवाल्याकडचा एक टोमॅटो सडका निघाला की आपण आणखी दोन उलटून बघतो, तोच हिशेब.

गळणाऱ्या व्हॉल्व्हची सवय लागली तेव्हा

इतकं सगळं तर्कशुद्ध असेल, तर काळजी कशाची? दोन घटना बघू.

२८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या थ्री माइल आयलंड प्रकल्पात दाब वाढला आणि दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडला. दाब उतरल्यावर तो बंद व्हायला हवा होता, पण उघडाच अडकला. नियंत्रण कक्षातला दिवा फक्त व्हॉल्व्हचा वीजपुरवठा तुटलाय एवढंच सांगत होता, प्रत्यक्षात तो बंद झालाय का हे नाही. कर्मचाऱ्यांनी तो बंद आहे असंच धरलं.

त्यांना शंका यायला एक संधी होती. व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपचं तापमान खूप वाढलेलं दिसत होतं. पण तिथली गळती अपघाताच्या आधीपासूनच सुरू होती, त्यामुळे ते तापमान रोजच जास्त असे. ‘हे तर नेहमीचंच’ म्हणून इशारा बाजूला पडला. दोन तासांहून जास्त वेळ पाणी वाहत राहिलं आणि अणुभट्टीचा जवळपास अर्धा गाभा वितळला. कंटेनमेंटचं कवच टिकलं, म्हणून बाहेरचं नुकसान मर्यादित राहिलं.

म्हणजे छोट्या गळतीनं स्वतः अपघात घडवला नाही. तिच्या सवयीमुळे मोठी गळती ओळखता आली नाही.

दुसरी घटना ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेसी प्रकल्पातली. इथे व्हॉल्व्हचा प्रश्न नव्हता, पण मुदतवाढीचा होता. तशाच प्रकारच्या इतर अणुभट्ट्यांच्या झाकणावरच्या नळ्यांना तडे सापडले होते, म्हणून २००१ मध्ये नियामकानं वर्षअखेरपर्यंत तपासणी करायला सांगितलं. कंपनीनं ती नियोजित बंदमध्ये करू द्या अशी विनंती केली. चर्चेनंतर नियामकानं १६ फेब्रुवारी २००२ पर्यंत अणुभट्टी चालवू दिली. अणुभट्टी बंद झाल्यावर मार्चमध्ये तपासताना कळलं की आम्लयुक्त पाण्याच्या गळतीनं पोलादी झाकणाला खोल खड्डा पडलाय. त्या जागी दाब थोपवून धरायला आतल्या बाजूचा जेमतेम साडेनऊ मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा थर उरला होता.

मुदतवाढ जेमतेम दीड महिन्याची होती. कागदावर सगळं ठीक दिसत होतं. पण झाकणाची अवस्था चांगली आहे, हे ज्या माहितीवर गृहीत धरलं होतं ती माहितीच अपुरी आणि चुकीची निघाली. पुढे नियामकानं कंपनीला ५४.५ लाख डॉलरचा दंड केला.

भारतात हे कोण ठरवतं?

भारतात ही जबाबदारी अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या या मंडळाचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. तारापूरसह देशातले व्यावसायिक अणुऊर्जा प्रकल्प चालवणारी मुख्य कंपनी म्हणजे सरकारी मालकीची एनपीसीआयएल.

प्रत्येक प्रकल्पासाठी एईआरबीनं मंजूर केलेली एक तांत्रिक नियमावली असते. कोणती यंत्रणा किती दिवसांनी तपासायची, ती नापास झाली तर किती वेळात काय करायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. त्यातून बाजूला जायचं असेल, तर प्रकल्पाचा प्रमुख ते स्वतःच्या अधिकारात करू शकत नाही. प्रस्ताव आधी प्रकल्पातल्या समितीपुढे, मग एनपीसीआयएलच्या मुख्यालयात आणि मग एईआरबीच्या समित्यांपुढे जातो. चालू प्रकल्पांसाठीच्या सर्वोच्च आढावा समितीला ‘सारकॉप’ म्हणतात. परवाना जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो आणि दर दहा वर्षांनी संपूर्ण सुरक्षेचा सखोल आढावा होतो.

तारापूरच्या पहिल्या दोन युनिट्सबाबत असा मोठा आढावा २००० नंतर झाला. त्यातून निघालेल्या सुधारणांसाठी २००५-०६ मध्ये दोन्ही युनिट्स काही महिने बंद ठेवली गेली. दोन युनिट्समध्ये सामायिक असलेल्या काही यंत्रणा वेगळ्या केल्या, डिझेल जनरेटर बदलले आणि पर्यायी नियंत्रण कक्ष उभारला. पुढे २०२० मध्ये दोन्ही युनिट्स पुन्हा दीर्घकाळासाठी थांबवण्यात आली. अणुभट्टीत पाणी खेळवणारे मोठे पाइप बदलण्याचं काम त्यामागे होतं.

अडचण कुठे आहे?

अडचण दोन ठिकाणी आहे. एक स्वायत्ततेची आणि दुसरी माहितीची.

एईआरबी अनेक दशकं संसदेच्या स्वतंत्र कायद्यानं नव्हे, तर सरकारी आदेशानं चाललं. ज्या अणुऊर्जा आयोगाला ते उत्तर देतं, त्याचं अध्यक्षपद अणुऊर्जा विभागाच्या सचिवाकडे, आणि एनपीसीआयएल त्याच विभागाची कंपनी. देशाच्या महालेखापालांनी, म्हणजे कॅगनं, २०१२ च्या अहवालात यावर बोट ठेवलं होतं. स्वतंत्र नियामकासाठी २०११ मध्ये विधेयक आलं, पण ते मंजूर न होताच बारगळलं. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं ‘शांती’ नावाचा नवा अणुऊर्जा कायदा मंजूर केला. त्यात एईआरबीला वैधानिक दर्जा देण्याची तरतूद आहे. त्याच कायद्यानं खासगी कंपन्यांनाही या क्षेत्राचं दार उघडलं. म्हणजे सूट मागणारे वाढू शकतात, त्यामुळे ती देणारा किती ठाम आहे हे जास्त महत्त्वाचं होणार.

दुसरी अडचण माहितीची. अमेरिकेत सूट देताना नियामकाला लेखी सांगावं लागतं की ही सूट कायद्यात बसते, लोकांच्या आरोग्याला अवाजवी धोका नाही, देशाच्या संरक्षणाला बाधा नाही आणि इथे विशेष परिस्थिती आहे. तो आदेश छापला जातो. आपल्याकडे एईआरबी वार्षिक अहवाल प्रसिद्ध करतं, पण एकेका चाचणीच्या मुदतवाढीचा आदेश कारणांसह राजपत्रात छापायची पद्धत नाही.

बातमी वाचताना हे पाच प्रश्न विचारा

१. कोणता व्हॉल्व्ह? दाब सोडणारा की पाइप बंद करणारा? त्याच कामासाठी दुसरा व्हॉल्व्ह शिल्लक आहे का?

२. काय बदललं? चाचणीच रद्द झाली, पद्धत बदलली की फक्त तारीख पुढे गेली?

३. किती काळासाठी? एकदाच की पुन्हा पुन्हा? दरवेळी ‘फक्त दोन महिने’ असेल, तर तो नवा नियमच झाला.

४. पूर्वेतिहास काय? मागच्या चाचण्यांचे प्रत्यक्ष आकडे आहेत की ‘समाधानकारक’ एवढाच शब्द?

५. बदल्यात काय? जास्त निरीक्षण, कडक मर्यादा, कमी क्षमतेनं चालवणं असं काही मागितलंय का?

या प्रश्नांची उत्तरं बातमीत नसतील, तर एईआरबीचे वार्षिक अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर वाचता येतात आणि माहितीच्या अधिकारात अर्जही करता येतो. संवेदनशील माहिती नाकारली जाऊ शकते. तरीही ‘किती वेळा मुदतवाढ दिली आणि का’ हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

पाच प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली, तर ती सूट बहुधा वाफेच्या पाइपवरच्या त्या व्हॉल्व्हसारखी असेल, चाचणी आणखी खरी करणारी. उत्तरं मिळाली नाहीत, तर बातमी पुढे पाठवण्याआधी प्रश्न पुढे पाठवा.